पूरसज्जता, लोकसहभागी (नासिक)

नदीकाठच्या सखल वस्तीतील रहिवाशांनी पूर येण्यापूर्वीच इशारा, स्थलांतर, बचाव व पूरोत्तर स्वच्छता यांविषयी केलेली संघटित पूर्वतयारी. पूरनियंत्रण व पूरसज्जता या दोन भिन्न गोष्टी आहेत. धरणे, बांध, पात्राचे रुंदीकरण इ. उपायांनी पाणी वस्तीपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न म्हणजे पूरनियंत्रण. तर पाणी वस्तीत येणारच, हे गृहीत धरून त्यापासून होणारी जीवित व वित्तहानी कमीत कमी ठेवणे म्हणजे पूरसज्जता. पहिले कार्य मुख्यतः शासनाचे व अभियंत्यांचे असते. दुसरे मात्र रहिवाशांच्या सहभागाशिवाय पुरे होऊ शकत नाही. कारण कोणत्या गल्लीत पाणी प्रथम शिरते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे आणि रात्री कोणता रस्ता मोकळा असतो, याची माहिती त्यांनाच असते. गोदावरीकाठचे नासिक शहर या दृष्टीने अभ्यासनीय आहे. तेथे पूर ओळखण्याच्या लोकांच्या स्वतःच्या खुणा दीर्घकाळ प्रचारात असून धरणातील विसर्गाच्या आधुनिक आकड्यांशी त्यांची सांगड घालण्याचा प्रश्न तेथे स्पष्टपणे दिसतो.

नदी व शहराची रचना : गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळील ब्रह्मगिरीवर उगम पावते व पूर्वेकडे वाहत नासिक शहरात येते. सह्याद्रीच्या माथ्याकडील प्रदेशात पर्जन्यमान फार मोठे, तर नासिक शहरात ते त्यामानाने बरेच कमी असते. त्यामुळे शहरात पावसाची उघडीप असतानाही वरच्या खोऱ्यातील पावसाने नदीस पूर येऊ शकतो. केवळ आपल्या डोक्यावरील आभाळ पाहून पुराचा अंदाज बांधता येत नाही, हे नासिककरांचे जुने अनुभवसिद्ध ज्ञान आहे.

जुने नासिक नदीच्या उजव्या काठी टेकांवर म्हणजे उंचवट्यांवर वसले आहे. नऊ टेकांचे गाव अशी त्याची ख्याती आहे. टेकांवरील वस्ती पुरापासून बहुतांशी सुरक्षित राहिली. परंतु टेकांमधील खोलगट भाग, घाट व नदीलगतच्या पेठा यांत पाणी शिरते. सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाघाटावरील दुकाने व डाव्या काठावरील पंचवटीचा नदीलगतचा भाग हे पूरप्रवण होत. गणेशवाडी परिसरात नदीकाठी भरणारा बुधवारचा बाजार तर पूरक्षेत्रातच भरतो. काझीच्या गढीचा प्रश्न निराळा आहे. नदीकाठच्या या मातीच्या उंचवट्यावर पाणी चढत नाही, परंतु पावसाळ्यात तिच्या कडा ढासळतात व काठावरील घरांना धोका पोहोचतो. उंचीवरील प्रत्येक जागा सुरक्षित नसते, याचे हे उदाहरण होय.

गोदावरीशिवाय तिला मिळणारे लहान प्रवाहही महत्त्वाचे आहेत. नासर्डी (नंदिनी) नदी उजव्या बाजूने येऊन टाकळी येथे व वाघाडी डाव्या बाजूने येऊन पंचवटीच्या परिसरात गोदावरीस मिळते. जुन्या गावातून वाहणारा सरस्वती नाला आता बहुतांशी झाकलेला आहे. गोदावरीची पातळी वाढली, की या प्रवाहांच्या मुखाशी पाणी तुंबते व ते मागे फिरून वस्तीत पसरते. त्यामुळे नदीपासून दूर असलेल्या घरांतही गटारांच्या व नाल्यांच्या वाटेने पाणी शिरू शकते.

मोठे पूर : नासिकच्या मोठ्या पुरांपैकी १८७२ चा पूर जुन्या गॅझेटिअरात उल्लेखिलेला आहे. विसाव्या शतकात सप्टेंबर १९६९ चा पूर विशेष मोठा होता. त्यानंतर १९ सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ या वेळी शहराच्या सखल पेठांत पाणी शिरले. १९६९ चा पूर ज्यांनी प्रौढपणी पाहिला, ती पिढी २००८ पर्यंत वृद्ध झाली होती. दोन मोठ्या पुरांमध्ये दीर्घ काळ गेला, म्हणजे पेठेतील पूरस्मृती क्षीण होते, तळघरांत माल साठविला जातो व पात्रालगत नवी बांधकामे उभी राहतात. उलट २००८ ते २०१९ या अकरा वर्षांत तीन मोठे पूर आल्याने ही स्मृती पुन्हा ताजी झाली.

लोकांच्या खुणा : रामकुंडाच्या खालच्या बाजूस नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची भव्य मूर्ती उभी आहे. तिच्या पावलांना, गुडघ्यांना, कमरेला, छातीला वा गळ्याला पाणी लागले, यावरून पुराचे मान सांगण्याची रीत नासिकमध्ये सर्वतोमुखी आहे. त्यापुढील खूण म्हणजे १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाची प्रसिद्ध घंटा. पाणी घंटेपर्यंत चढणे हे महापुराचे लक्षण मानतात. तिसरी खूण सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाड्याच्या पायऱ्यांची. किती पायऱ्या बुडाल्या, यावरून पेठेतील पाण्याची खोली ध्यानात येते.

शास्त्रीय परिभाषेत या खुणा म्हणजे नदीच्या जलपातळीमापकाच्या पायऱ्याच होत. त्यांचे तीन गुण आहेत : त्या सर्वांना दिसतात, निरक्षरासही कळतात व त्या वीज, दूरध्वनी वा अन्य यंत्रणेवर अवलंबून नाहीत. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ किंवा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची उंची फुटांत मोजून जाहीर केली जाते व नागरिक त्या आकड्यांवरून निर्णय घेतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानतात. नासिकच्या मारुतीचे गुडघे व छाती हे अशाच मापनाचे लोकरूप होय.

या खुणांना मर्यादाही आहेत. खूण पातळी सांगते, वेळ सांगत नाही. पाणी कमरेला लागले आहे एवढे तिच्यावरून कळते. ते गळ्यापर्यंत एका तासात जाईल की सहा तासांत, हे कळत नाही. दुसरे असे, की खूण पाणी आल्यानंतर बोलते. तिसरे, ती पाहण्यासाठी लोक घाटांवर व पुलांवर गर्दी करतात आणि इशाऱ्याची जागाच धोक्याची होते. चौथी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. नासर्डी व वाघाडी यांच्या काठच्या वस्त्यांना गोदावरीवरील खुणांचा उपयोग होत नाही. हे प्रवाह आखूड असल्याने जोरदार पावसानंतर थोड्याच वेळात फुगतात आणि त्यांच्या काठी सर्वपरिचित अशी पूरखूण नाही. तेथील झोपडवस्त्यांत कच्ची घरे अधिक असल्याने जेथे वेळ सर्वांत थोडा, तेथेच हानी सोसण्याची शक्तीही सर्वांत कमी, अशी स्थिती असते.

धरण व विसर्ग : शहराच्या वरच्या बाजूस गोदावरीवर गंगापूर धरण असून ते १९६५ मध्ये पूर्ण झाले. हे मातीचे धरण सु. ३·९ किमी. लांब व सु. ३६·६ मी. उंच आहे. त्याच्याही वर काश्यपी व गौतमी-गोदावरी ही धरणे आहेत. गंगापूर जलाशयाचा मुख्य हेतू पिण्याचे व सिंचनाचे पाणी पुरविणे हा आहे, पूर अडविणे हा नव्हे. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरलेला असावा, असे नियोजन करावे लागते. त्यामुळे हंगामाच्या आरंभी तो पुराचे काही पाणी सामावून घेऊ शकतो. परंतु ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो भरत आला असता मोठा पाऊस झाल्यास येणारे पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. गाळ साचल्यामुळेही जलाशयाची धारणक्षमता मूळच्या मानाने घटली आहे. धरण पूर्ण झाल्यावर चारच वर्षांनी, १९६९ मध्ये, मोठा पूर आला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र धरणामुळे एक गोष्ट साध्य झाली : पुराची आगाऊ सूचना मिळू लागली. दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडले जातात व प्रत्येक टप्प्याचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट प्रवाह, तो सु. २८·३ लिटर भरतो. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सु. २८३ घ. मी. पाणी. सोडलेले पाणी रामकुंडापर्यंत येण्यास जो अवधी लागतो, तोच खालच्या वस्तीला आवराआवरीसाठी मिळतो. तो थोड्या तासांचाच असतो. म्हणून घोषणा ऐकल्यावर विचार करू लागणे परवडत नाही, विचार आधीच झालेला असावा लागतो.

धरणाचा विसर्ग आणि शहरातील प्रवाह यांत फरक असतो, हेही समजून घ्यावयास हवे. गंगापूरच्या खाली आळंदी नदी व इतर नाले यांचे पाणी गोदावरीत येते आणि शहरातील पावसाचे पाणी त्यात भर घालते. यांपैकी कोणत्याही प्रवाहावर गंगापूरच्या दरवाज्यांचे नियंत्रण नसते. यासाठी धरणाच्या विसर्गाबरोबरच अहिल्याबाई होळकर पुलाजवळील प्रवाहाचा आकडाही पाहिला जातो. पुराच्या वेळी धरणाचा आकडा लहान असूनही पात्रात पाणी अधिक दिसले, तर त्याचे कारण बहुधा या मधल्या क्षेत्रात असते.

खूण व आकडा यांची सांगड : क्युसेकचा आकडा वेळेची सूचना देतो, परंतु आपल्या उंबऱ्याशी पाणी किती येईल हे सांगत नाही, खूण उंबऱ्याशी नाते सांगते, परंतु वेळ देत नाही. लोकसहभागी पूरसज्जतेचे मर्म या दोहोंची जोड घालण्यात आहे. त्यासाठी प्रत्येक पेठेने वा गल्लीने स्वतःची पूरनोंदवही ठेवणे हा सर्वांत सोपा व स्वस्त उपाय होय. तीत प्रत्येक पुरागणिक विसर्ग किती होता, तो केव्हा सुरू झाला, मारुतीच्या कोणत्या अवयवास पाणी केव्हा लागले, सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या व गल्लीतील ठराविक खांबावर पाणी कोठवर चढले, या गोष्टी लिहितात. तीन-चार पुरांच्या नोंदींनंतर विशिष्ट विसर्गास आपल्या गल्लीत काय घडते, याचा उपयुक्त तक्ता तयार होतो.

हा तक्ता कायमचा मात्र नसतो. पात्रात काँक्रीटचे थर पडले, नवा पूल झाला, गाळ साचला वा काठावर भराव घातला, तर त्याच विसर्गास पाणी पूर्वीपेक्षा उंच चढते. म्हणून ‘मागच्या वेळी इतक्या पाण्यात काही झाले नव्हते’ हा युक्तिवाद फसवा ठरू शकतो. नोंदवही प्रत्येक पुरानंतर सुधारावी लागते आणि तीत सुरक्षिततेसाठी काही अंतर राखावे लागते.

कामाची विभागणी : सज्ज वस्तीत प्रत्येक टप्प्याला कोणती कृती करावयाची, हे आधीच ठरलेले असते. विसर्गाची पहिली घोषणा होताच घाटावरील टपऱ्या, हातगाड्या व वाहने हलवितात. दुसऱ्या टप्प्यास तळघरातील व तळमजल्यावरील माल वरच्या मजल्यावर नेतात, कागदपत्रे व औषधे एका पिशवीत बांधतात, स्वयंपाकाच्या वायूच्या टाक्या बंद करून उंचावर बांधून ठेवतात. तिसऱ्या टप्प्यास वृद्ध, गर्भवती, आजारी व अपंग व्यक्तींना आणि लहान मुलांना टेकावरील शाळेत किंवा नातलगांकडे पोहोचवितात. पाणी शिरण्यापूर्वी वीजपुरवठा मुख्य कळीपासून तोडतात. शेवटच्या टप्प्यास उरलेली माणसे निघतात व घरोघर फिरून कोणी मागे राहिले नाही, याची खात्री केली जाते. दिवसा काम करणारी माणसे रात्री उपलब्ध असतीलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक कामास दोन व्यक्ती नेमणे इष्ट असते. भाडेकरू, परगावचे विद्यार्थी व घाटावर उतरलेले यात्रेकरू हे वस्तीच्या यादीतून सहज सुटतात. त्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते.

वाहत्या पाण्याविषयीचे अज्ञान हे पूरबळींचे एक प्रमुख कारण आहे. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. सु. १५ सेंमी. खोलीचे वेगवान पाणीही प्रौढ माणसाचा तोल घालवू शकते व सु. ६० सेंमी. पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते. पट्टीचे पोहणारेही पुरात बुडतात, कारण पुराच्या पाण्यात भोवरे, ओंडके, तारा व उघडी गटारे असतात. बचावाची साधने अपुरी असली, तर बचावच घातक ठरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. नावेत किती माणसे बसवावीत व प्रत्येकास तरंगजाकीट असल्याशिवाय नाव सोडू नये, हे नियम पूर येण्यापूर्वीच सर्वांना मान्य असावे लागतात.

पूर ओसरल्यावर : जलाशय भरलेला असताना विसर्ग पुन्हा वाढण्याचा संभव असतो, म्हणून पाणी उतरताच सर्वांनी परतणे धोक्याचे असते. भिजलेल्या मातीच्या भिंतींचे जुने वाडे पूर ओसरल्यावरही कोसळतात. विहिरी व टाक्या यांचे पाणी दूषित झालेले असते. गढूळ पाणी प्रथम निवळू देऊन नंतर विरंजक चूर्णाने शुद्ध करतात. साधारणपणे १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीचे २·५ ग्रॅ. चूर्ण व किमान एक तासाचा अवधी, असे प्रमाण आहे. दूषितता अधिक असल्यास योग्य मात्रा हॉरॉक्स चाचणीने ठरवितात. चिखल काढताना पायांत बूट असणे आवश्यक असते, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा संसर्ग जखमांवाटे होतो. नुकसानीचे पंचनामे होण्यापूर्वी घराची व मालाची छायाचित्रे व यादी तयार ठेवल्यास भरपाईच्या वेळी वाद कमी होतात.

पूररेषा व तिचे परिणाम : महाराष्ट्रात १९८९ च्या शासकीय परिपत्रकानुसार नद्यांच्या काठी दोन पूररेषा आखतात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराच्या मर्यादेस निळी रेषा म्हणतात व तिच्या आतील क्षेत्र निषिद्ध मानले जाते. तांबडी रेषा त्याहून मोठ्या, साधारणतः १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची असते. दोन्ही रेषांमधील क्षेत्रात बांधकामावर निर्बंध असतात. नासिक शहरात २००८ च्या पुरानंतर या रेषा आखण्यात आल्या.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. एक पूर येऊन गेला म्हणजे पुढील २५ वर्षे निर्धास्त, असा तो नाही. दरवर्षी असा पूर येण्याची संभाव्यता ४ टक्के असते, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षे त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर निदान एकदा पाहावा लागण्याची संभाव्यता सु. ७१ टक्के येते. १०० वर्षांच्या पुराबाबतही ती सु. २६ टक्के आहे.

पूररेषेमुळे जुन्या गावठाणात एक पेच उत्पन्न झाला. निळ्या रेषेच्या आत शतकाहून जुने वाडे व पेठा आहेत. नवे बांधकाम निषिद्ध असल्याने त्यांची पुनर्बांधणी अडते, आणि पुनर्बांधणी न झालेला वाडा दरवर्षी अधिक धोकादायक होत जातो. पुरापासून संरक्षण देणारा नियम अशा रीतीने पडझडीचा धोका वाढवितो. यावर सर्वमान्य तोडगा निघेपर्यंत अशा वाड्यांतील रहिवाशांची पावसाळ्यातील पर्यायी व्यवस्था हाच सज्जतेचा महत्त्वाचा भाग राहतो.

नदीच्या खालच्या भागातील गावे : नासिकच्या खाली दारणा नदी गोदावरीस मिळते व पुढे निफाड तालुक्यात कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर बंधारा आहे. बंधाऱ्यामागे साचलेला गाळ, फुगवट्याचे पाणी व नदीचा कमी उतार यांमुळे सायखेडा व चांदोरी ही गावे वारंवार पुराने वेढली जातात. २०१६ व २०१९ च्या पुरांतही तसे झाले. चांदोरी येथील तरुणांनी आपत्ती व्यवस्थापन समिती स्थापन केली असून पुरात अडकलेल्यांची सुटका व बुडालेल्यांचा शोध ही कामे ती करते. नासिकला मारुतीच्या गळ्याशी पाणी लागले, की त्याचा अर्थ सायखेड्याला पुढील तयारीची वेळ आली असा होतो. एका वस्तीची खूण ही खालच्या वस्तीची पूर्वसूचना असते. मात्र दारणेचे पाणी त्यात नंतर मिसळते, हे विसरून चालत नाही.

शासन व समाज : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. स्थानिक स्वराज्य संस्थांनाही कर्तव्ये नेमून दिली आहेत. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले जाते. बांगला देशात १९७२ पासून चक्रीवादळांसाठी उभारलेल्या स्वयंसेवक-दलाने सूचना घरोघर पोहोचविण्याचे कार्य केले असून तेथील मृत्यूंचे प्रमाण घटण्यात या दलाचा मोठा वाटा मानला जातो. शासनाची पथके दूरवरून येतात; पहिल्या काही तासांत मदतीस असतो तो शेजारीच. तथापि लोकसहभाग म्हणजे शासनाने आपली जबाबदारी लोकांवर सोपविणे नव्हे. विसर्गाची अचूक व वेळेवर माहिती, पात्रातील अडथळे दूर करणे आणि निवाऱ्याची सोय ही कामे वस्तीच्या आवाक्याबाहेरची आहेत.

सिंहस्थ कुंभमेळ्यात या दोन्ही अंगांची कसोटी लागते. बारा वर्षांनी येणाऱ्या या मेळ्याच्या नासिकमधील मुख्य पर्वण्या ऐन पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येतात (२००३, २०१५). त्या वेळी रामकुंड व तपोवन या नदीकाठच्या भागांत लाखो परगावचे लोक असतात. त्यांना मारुतीची खूण ठाऊक नसते व परतीचा उंच रस्ताही ठाऊक नसतो. ज्याला खूण कळत नाही, त्याला ती सांगणारा माणूस जवळ असणे, हेच अशा वेळी पूरसज्जतेचे प्रमुख साधन ठरते.